पाचाला बारा मिनिटं कमी

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिना संपतो तिथे, काचेची एक खिडकी होती आणि त्या खिडकीमागे सत्तावीस वर्षं एकच माणूस बसत होता. आवक-जावकचा कारकून. गावातल्या कुणीही नगरपालिकेला काहीही लिहिलं, की ते आधी त्याच्या हातात पडायचं. तो तारीख टाकायचा, क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा आणि पोच फाडून हातात द्यायचा. म्हणून सगळे त्याला शिक्के म्हणत. नवीन बदलून आलेल्या साहेबांना ते त्याचं आडनावच वाटायचं, आणि तोही निमूट ओ द्यायचा.

माणूस वाईट नव्हता. कुणाचा कागद त्याने कधी दाबला नाही की कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. एकच हौस होती, अक्षराची. त्याच्या नोंदवहीत खाडाखोड सापडायची नाही. साहेब लोक पाहुण्यांना ती वही उघडून दाखवत, आणि त्या दिवशी शिक्के घरी जाऊन बायकोला दोनदा सांगे.

त्या वर्षी गावाचा नवा विकास आराखडा जाहीर झाला. गाव म्हणजे तरी काय, शहराच्या कडेला चिकटलेलं, ना धड खेडं ना धड शहर. कुठला रस्ता रुंद होणार, बाजार कुठे हलणार, बसचा डेपो कुठे येणार, हे सगळं रंगीत नकाशात काढून भिंतीवर लावलं होतं. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने तीस दिवसांत लेखी हरकत द्यायची. तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

तिसाव्या दिवशी साडेचारलाच शिक्केने साहेबांसाठी यादी तयार करून ठेवली. नऊ पानं, एकसारखं अक्षर. शेवटी लिहिलं, ‘एकूण हरकती : एकशे बेचाळीस’, खाली लाल रेघ मारली आणि सही केली. पाच-दहाच्या बसला खिडकीची जागा मिळवायची तर पाचच्या आधीच उठावं लागे. त्यासाठी कुणीतरी फार वर्षांपूर्वी ऑफिसचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. आतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. बाहेरच्या कुणालाच नाही.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत खिडकीशी आली. साठीची, केस घट्ट बांधलेले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. खालच्या वस्तीत राहणारी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. वस्तीत तिला सगळे नर्सबाई म्हणत.

“साहेब, हरकत द्यायची होती. त्रेसष्ट घरांच्या सह्या आहेत. शेवटचे आजोबा दवाखान्यात होते, तिथे जाऊन घेतली, म्हणून जरा...”

शिक्केने काचेतून वरची दोन वाक्यं वाचली. वीटभट्टीच्या पडीक मैदानावर बसचा डेपो होणार होता, चारी बाजूंनी भिंत. खालच्या वस्तीची शाळेला, दवाखान्याला आणि बाजाराला जायची पायवाट त्याच मैदानातून जात होती. डेपो खुशाल करा, पण कडेने आठ फूट वाट सोडा. एवढंच मागणं.

तो अर्ज घ्यायचा म्हणजे यादीत एकशे त्रेचाळिसावी ओळ आली. लाल रेघ खोडायची, एकूण खोडायचं, किंवा शेवटचं पान पुन्हा लिहायचं. त्याने पेनाने वर भिंतीकडे दाखवलं.

“वेळ संपली, बाई.”

नर्सबाईंनी मान वर करून पाहिलं. पाच वाजून तीन मिनिटं. तिचा चेहरा उतरला.

“तीन मिनिटांनी? अहो, बघा ना काही...”

“नियम आहे. मी काय करणार?”

तिने वाद घातला नाही. घातला असता तर कदाचित त्याने घेतलाही असता. ती स्वतःशीच म्हणाली, “माझंच चुकलं. सकाळीच यायला हवं होतं,” आणि कागद पुन्हा पिशवीत घालून निघून गेली. शिक्केने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पाचाला बारा मिनिटं कमी होती. त्याने पेनाला टोपण लावलं. बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली.

पुढचे काही दिवस ते कागद त्याच्या डोळ्यांसमोर येत राहिले. मग येईनासे झाले. विसरला असं म्हणता येणार नाही, पण त्याने मुद्दाम आठवणही काढली नाही. आराखडा मंजूर झाला. मैदानाभोवती भिंत उभी राहिली. आठ महिने गेले.

शिक्केच्या आईच्या पायाला एक जखम झाली होती आणि ती काही केल्या भरेना. डॉक्टर म्हणाले, रोज पट्टी बदलायला हवी, सरावाचा हात हवा. त्यांनीच एक नंबर दिला. शिक्केच्या बायकोने फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या जरा पुढे दारावर टकटक झाली.

दार शिक्केनेच उघडलं. समोर नर्सबाई.

तिने त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. “तुम्ही... नगरपालिकेच्या खिडकीतले ना?”

“हो,” तो म्हणाला.

“मला आठवताय तुम्ही. त्या दिवशी मी उगाच तुम्हाला गळ घातली. तुमची निघायची वेळ, आणि मी आपली हट्ट करत बसले. राग नका मानू हं.” मग पायातल्या चपला काढत म्हणाली, “आणि आजही उशीरच झाला. काय करणार, आता वळसा घालून यावं लागतं.”

ती आत गेली. शिक्के दाराची कडी हातात धरून तसाच उभा राहिला.

नर्सबाईंचा हात इतका हलका होता, की दोन-तीन दिवसांत म्हातारी तिची वाट पाहू लागली. जखम धुताना ती बोलत असे, म्हातारीचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून. आतल्या खोलीतलं बोलणं बाहेर दाढी करणाऱ्या शिक्केला स्वच्छ ऐकू येई.

“पूर्वी सहा मिनिटांत वर यायचो आम्ही,” ती एकदा सांगत होती. “आता पंचवीस मिनिटं. मोठ्या रस्त्याच्या कडेने, ट्रक अगदी अंगाला घासून जातात. पोरं शाळेत रोज उशिरा. आमच्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर आहे, त्याच्या बायकोला दम्याचा त्रास. परवा तिला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेली.”

“मग कुणी तक्रार नाही केली?” म्हातारीने विचारलं.

“केली होती ना. मीच घेऊन गेले होते. पण मला उशीर झाला. तीन मिनिटं.” ती जरा थांबली. “सगळ्यांनी माझ्यावर सोडलं होतं, नर्सबाई बघतील म्हणून. ड्रायव्हर तर भर सभेत म्हणाला, तुमच्या भरवशावर बसलो तेच चुकलं. त्याची दोन्ही मुलं माझ्या हातावर झालीत. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. बरोबर आहे त्याचं. आजी, दुखलं का?”

शिक्केच्या हनुवटीवर कापलं. त्याने टॉवेल दाबून धरला आणि रक्त थांबल्यावरही किती तरी वेळ तो तसाच धरून होता.

त्यानंतर त्याची झोप उडाली, जेवण उतरेना. ती रोज यायची आणि रोज दारातच म्हणायची, “उशीर झाला हं थोडा.” ते ऐकायला लागू नये म्हणून तो लवकर घराबाहेर पडू लागला. पण मग ती वळणावर, समोरून घाईघाईने येताना दिसायची, घामाघूम, आणि हात वर करून ओळखीचं हसायची. त्यापेक्षा घरात बसलेलं बरं, असं त्याला वाटे.

शेवटी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

“घड्याळ पुढे होतं हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तरी?”

“यादी पूर्ण झाली होती.”

बायकोने भाजीची परात बाजूला सारली. मग म्हणाली, “आता सांगून भिंत पडणार आहे का? दोन वर्षं राहिलीत नोकरीची. तुम्ही सांगून मोकळे व्हाल, आणि निस्तरायचं आम्ही. आईंची जखम आत्ता कुठे भरायला लागलीय. ती बाई पुन्हा या घरात पाय ठेवेल का?”

तिचं चुकलं असं त्याला म्हणता येईना. पण तिचं खरं आहे म्हणून छातीवरचा दगड काही हलेना.

मग तो साहेबांकडे गेला. साहेब नगररचना विभागाचे प्रमुख, तरुण, हुशार, सतत घाईत. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

“शिक्के, तुम्ही उगाच जीव खाताय स्वतःचा. तो अर्ज घेतला असता तरी काय झालं असतं? एकशे बेचाळीस हरकतींपैकी मान्य किती झाल्या? नऊ. बाकी सगळ्या फेटाळल्या. त्या बाईंचीही फेटाळलीच असती. जा, चहा घ्या.”

शिक्केला एकदम हलकं वाटलं. त्या दिवशी तो घरी जाऊन पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना त्याने स्वतः पाणी आणून दिलं. नऊच मान्य झाल्या, नऊच, असं तो मनात घोकत राहिला, आणि घोकता घोकता एक शंका डोक्यात शिरली. त्या नऊ कोणत्या?

कपाटाची किल्ली त्याच्याकडेच होती. जेवणाच्या सुट्टीत त्याने फाइल काढली. बेकरीच्या मागच्या दाराला आठ फूट बोळ सोडा. मान्य. विहिरीला वळसा देऊन रस्ता न्या. मान्य. शाळेच्या फाटकासमोरचा दुभाजक उघडा ठेवा. मान्य. नऊच्या नऊ अशाच होत्या, लहान, साध्या, कुणाचं काही न बिघडवणाऱ्या. ज्यांनी मोठं मागितलं होतं ते फेटाळले गेले होते. बेकरीवाल्याच्या अर्जावर साहेबांचाच शेरा होता: ‘मागणी रास्त, खर्च नाही.’ आठ फूट. अगदी तेवढेच.

त्याने फाइल जागेवर ठेवली. आता कुठे पळायला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई पट्टी बांधून झाल्यावर मोरीत हात धुवायला आली, तेव्हा तो तिच्या मागोमाग गेला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने अडवलं नाही.

“बाई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

“सांगा ना.” ती साबण लावत होती.

“त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला नव्हता. ऑफिसचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं. मला ठाऊक होतं. पाचाला बारा मिनिटं कमी होती, मी माझ्या घड्याळात पाहिलं होतं. माझी यादी लिहून झाली होती, ती खोडायला नको म्हणून मी तुम्हाला परत पाठवलं.”

नळ वाहत राहिला. तिने तो बंद केला, हात पुसले, एकेक बोट नीट कोरडं केलं. मग विचारलं, “बारा मिनिटं?”

“हो.”

“म्हणजे मी वेळेत होते.”

“वेळेत होतात.”

ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. रडली नाही, ओरडलीही नाही. ते तरी बरं झालं असतं. “आठ महिने,” ती म्हणाली. “आठ महिने मी दारोदार माफी मागतेय. रोज सकाळी पोरं मोठ्या रस्त्याकडे जाताना दिसली की मी खिडकी लावून घेते. ड्रायव्हरच्या बायकोला खुर्चीतून उचलून नेली, तेव्हा मी घराबाहेर आले नाही. मी, नर्स असून. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून.”

“मी... मला क्षमा...”

“ते राहू द्या,” ती एकदम उठली. “मला एकटीला मोरीत सांगून काय उपयोग? मी जाऊन सांगितलं तर लोक म्हणतील, स्वतःचं झाकायला बनवलंय. खाली या. सगळ्यांसमोर सांगा. आणि कागदावर लिहून द्या.”

पिशवी उचलून ती निघाली. म्हातारीने आतून हाक मारली, “उद्या जरा लवकर ये गं बाळा!” तिने उत्तर दिलं नाही.

रविवारी सकाळी शिक्के कपडे करून निघाला, तर बायकोही चपला घालून उभी.

“तू कशाला?”

“एकटे गेलात तर अर्धंच सांगाल.”

ते मोठ्या रस्त्याने चालत गेले. सत्तावीस वर्षांत तो पहिल्यांदाच खालच्या वस्तीत जात होता. तिचे नकाशे मात्र त्याने हजारदा हाताळले होते. नकाशात ती वस्ती बोटभर होती. प्रत्यक्षात चालता चालता बायकोला दोनदा थांबावं लागलं, आणि एकदा ट्रक इतक्या जवळून गेला की तिने त्याचा दंड घट्ट धरला.

वस्तीच्या चौकात चाळीस-पन्नास माणसं जमली होती. नर्सबाई एका बाजूला, हाताची घडी घालून. शिक्केने सांगितलं. आवाज फुटेना, तेव्हा मागून कुणीतरी “मोठ्याने!” ओरडलं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. घड्याळ, यादी, लाल रेघ, बस. बसच्या जागेचं तो गाळणार होता; बायकोकडे पाहिलं आणि तेही सांगितलं.

मग एक बाई म्हणाली, “एका ओळीसाठी?” आणि त्यानंतर एकच गलका झाला. त्याला काय काय ऐकावं लागलं ते सांगण्यात अर्थ नाही; त्याने ते सगळं मान खाली न घालता ऐकलं, एवढंच. पुढच्या रांगेत एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस उभा होता. तो मात्र शिक्केकडे पाहतच नव्हता. तो नर्सबाईंकडे पाहत होता, आणि ती त्याच्याकडे न पाहता भिंतीकडे. गलका संपायच्या आत तो माणूस निघून गेला.

सोमवारी शिक्केने लेखी निवेदन दिलं. साहेब भडकले. “माझ्या आराखड्याला भोक पाडलंत तुम्ही!” पण कागदावर शिक्का पडला होता, आणि शिक्का पडलेला कागद नाकारता येत नाही, हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. चौकशी झाली. त्याला खिडकीवरून उठवून तळघरातल्या जुन्या दप्तरखान्यात बसवलं, निवृत्तीपर्यंत. आणि हरकत मुदतीत आली होती असं धरून सुनावणी ठेवावी लागली.

सुनावणीला नर्सबाई तेच कागद घेऊन आली, त्याच पिशवीत. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती फक्त वाटेबद्दल बोलली. आठ फूट नसेल जमत तर पाच द्या, पण उतारावर हाताला धरायला कठडा द्या, म्हातारी माणसं असतात. शिक्केचं नाव तिने काढलं नाही. आठ फूट जमण्यासारखे राहिले नव्हतेच. जुन्या वाटेवर आता डेपोचं गॅरेज उभं होतं. शेवटी नाल्याच्या कडेने पाच फुटांची वाट मिळाली, दोन वळणं घेऊन. सहा मिनिटांची वाट होती, ती अकरा मिनिटांची झाली.

बाहेर पायऱ्यांवर शिक्के तिच्यासाठी थांबला होता.

“बाई...”

“माफ करा असं म्हणू नका,” ती म्हणाली. “अजून मला जमत नाही. जमलं की कळवीन.” मग दोन पायऱ्या उतरून वळली. “आजींची जखम कशी आहे?”

“भरतेय. तुम्ही पाठवलेली मुलगी येते रोज. आई म्हणते, तिचा हात जड आहे.”

“शिकेल,” ती म्हणाली आणि गेली.

आईलाही सांगावं लागलंच. ती ऐकून घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाणी मागितलं.

नवी वाट सुरू झाल्यावर एका सकाळी शिक्के ती पाहायला गेला. कठडा बसवला होता, हिरवा रंग अजून ओला होता. शाळेची पोरं बोटं हिरवी करून घेत वर पळत होती. तो खाली उतरत असताना समोरून पिकल्या मिशांचा तो उंच माणूस आला. बसड्रायव्हर. शिक्के अंग चोरून कडेला झाला, दोन शिव्या खायच्या तयारीने. पण ड्रायव्हर त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि बराच वेळ खाकरत राहिला.

“तुम्ही तिला कसं सांगितलंत?” शेवटी त्याने विचारलं. “म्हणजे सुरुवात कशी केलीत?”

“कुणाला?”

“नर्सबाईंना. मी अजून काहीच बोललो नाही. रोज तिच्या दारावरून जातो. भर सभेत बोललो होतो मी तिला, आणि आता तोंडातून शब्द निघत नाही. घरची रोज विचारते, बोललात का? माझं आपलं, उद्या बोलतो.”

शिक्केने विचार केला. “ती हात धूत होती,” तो म्हणाला. “पाठ होती माझ्याकडे. तोंड दिसत नव्हतं, म्हणून जमलं.”

ड्रायव्हरने मान हलवली. “आत्ता असेल ती घरी.”

“मी येऊ बरोबर?”

“नको. तुम्हाला बघून दारच उघडायची नाही.”

तो वळून खाली चालू लागला, आधी सावकाश, मग लांब ढांगा टाकत. शिक्के कठड्याला टेकला, आणि शर्टाला हिरवा रंग लागल्याचं ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. खाली तिसऱ्या दारापाशी ड्रायव्हर थांबला. त्याने मिशांवरून हात फिरवला, कॉलर नीट केली, आणि दारावर टकटक केली.